मानसिक आजार असलेल्यांना व्यायाम शिकवताना

मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी व्यायामाचा वर्ग घेणाऱ्याने आपल्या वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात आज कोण आले ते लिहावे आणि दुसऱ्यात त्यांपैकी कोण पुढच्या वेळी परत आले ते. वजन, कमरेचा घेर, नाडीचे ठोके यांच्या नोंदी महत्त्वाच्या असल्या, तरी त्या या दोन रकान्यांच्या नंतर येतात. कारण जो माणूस परत येत नाही त्याला उत्तम आखलेल्या कार्यक्रमाचाही काही उपयोग नसतो, आणि या क्षेत्रात न येण्याची कारणे आळसाच्या फार पलीकडची असतात. साध्या व्यायामशाळेतून आलेल्या प्रशिक्षकाच्या हे पचनी पडायला वेळ लागतो. माझ्याही पडायला लागला. सुरुवातीला मी व्यायाम चांगला शिकवत होतो आणि माझा वर्ग ओस पडत होता.

या कामाची गरज किती आहे, हे आकड्यांवरून कळते. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुष्य इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षांनी कमी भरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा शारीरिक कारणांनी होतात. धूम्रपान, औषधांमुळे वाढणारे वजन, दिवसभर पडून राहणे आणि छातीत दुखते असे सांगितले तरी ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागणे, ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. दुसरीकडे, नैराश्याची लक्षणे व्यायामाने कमी होतात याला चांगला आधार आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने 50 वर्षांच्या व त्यापुढील 156 नैराश्यग्रस्तांवर 16 आठवड्यांची चाचणी घेतली होती व तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. देखरेखीखाली व्यायाम करणारे, सर्ट्रालीन हे औषध घेणारे आणि दोन्ही करणारे अशा तीन गटांत अखेरीस फारसा फरक उरला नव्हता. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला होता. हे वाचून एखादा उत्साही प्रशिक्षक ‘मग गोळ्या कशाला हव्यात?’ असे वर्गात बोलून जातो. तसे कधीही बोलू नये. चाचणीत स्वखुशीने भाग घेणारे लोक वेगळे आणि वॉर्डात समोर बसलेला माणूस वेगळा, शिवाय औषध एकाएकी सोडल्याने आजार उलटण्याचा धोका खरा असतो. गोळ्यांचा विषय निघाला तर ‘हे डॉक्टरांशी बोला, हवे तर बोलताना मी सोबत बसतो’ एवढेच म्हणणे प्रशिक्षकाच्या अधिकारात येते.

वर्ग सुरू करण्यापूर्वी

या कामासाठी कोणती पदवी लागते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुठे ते फिजिओथेरपिस्टकडे असते, कुठे व्यायामशास्त्राच्या पदवीधराकडे, तर कुठे प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकाकडे. कुठेही गेले तरी व्यायामाचे पायाभूत शिक्षण, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनासह (सीपीआर) प्रथमोपचार आणि मानसिक आजारांची प्राथमिक ओळख या तीन गोष्टी मात्र हव्यातच. तिसऱ्यासाठी ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’सारखा छोटा अभ्यासक्रम उपयोगी पडतो, तो 2000 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला आणि आता अनेक देशांत शिकवला जातो. पण अभ्यासक्रमापेक्षाही अधिक शिकवते ते नुसते बसणे. शक्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे काहीही न शिकवता वॉर्डात किंवा दिवसकेंद्रात वावरावे, गोळ्या वाटण्याच्या वेळा पाहाव्यात, कोण कुठल्या खिडकीशी बसते ते पाहावे. पुढे वर्गात यायचे की नाही हे ठरवताना रुग्ण तुमचे शिक्षण विचारत नाहीत. चेहरा ओळखीचा आहे का, एवढेच पाहतात.

उपचार करणाऱ्या पथकाकडून लेखी शिफारस घेतल्याशिवाय कोणालाही वर्गात घेऊ नये. त्या कागदावर निदान, चालू औषधे, गेल्या महिन्यात त्यांत झालेले बदल, रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा हाडांचे दुखणे, पडण्याचा इतिहास, स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा सध्याचा धोका आणि अडचण आल्यास कोणाला बोलवायचे ते असावे. त्या व्यक्तीच्या आयुष्यात काय घडले याचा तपशील मात्र मागू नये. त्याची प्रशिक्षकाला गरज नसते, आणि एकदा कळला की तो नजरेत उतरतो. आघात सोसलेल्या व्यक्तीबाबत ‘पाठीमागून स्पर्श नको, दार बंद नको’ एवढी सूचना पुरते.

पहिल्या भेटीत मोजमापांचा भडिमार करू नये. शारीरिक तयारीची नेहमीची प्रश्नावली भरून घ्यावी, रक्तदाब आणि नाडी पाहावी आणि मग एकच मोकळा प्रश्न विचारावा: पूर्वी शरीराने काय करायला आवडायचे? कोणी पोहणे सांगते, कोणी सायकल, कोणी ‘काहीच नाही’ म्हणते आणि मग थोड्या वेळाने लहानपणी झाडावर चढण्याविषयी बोलू लागते. कार्यक्रम या उत्तरातून उभा करावा. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रशिक्षकाला पाठ असावी, पण तिचा तक्ता भिंतीवर लावू नये. जो तीन आठवडे अंथरुणातून उठलेला नाही त्याच्यासाठी 150 हा आकडा म्हणजे आपण नापास असल्याचा आणखी एक पुरावा ठरतो. त्याच शिफारशीत ‘काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे’ असेही म्हटले आहे, आणि सुरुवातीला तेवढेच सांगावे. पाच मिनिटांनी सुरुवात करण्यात कमीपणा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा 45 मिनिटे हे उद्दिष्ट ठेवायला हरकत नाही, मात्र तिथवर पोहोचायला दोन महिने लागले तरी ते चालवून घ्यावे.

औषधे आणि शरीर

प्रशिक्षकाने औषध लिहून द्यायचे नसते, पण औषध शरीराला काय करते हे त्याला ठाऊक असावेच लागते, कारण त्याचे परिणाम सर्वांत आधी त्याच्या डोळ्यांसमोर दिसतात.

सर्वांत सामान्य अडचण उठताना येणाऱ्या चक्करेची. अनेक मनोविकारविरोधी औषधांनी आणि जुन्या पद्धतीच्या नैराश्यविरोधी औषधांनी उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. त्यामुळे जमिनीवरचा व्यायाम संपला की सर्वांना एकदम ‘उठा’ म्हणू नये. आधी कुशीवर वळायला सांगावे, मग बसायला, बसल्यावर दहा श्वास घेऊन पोटऱ्या हलवायला आणि मग खुर्चीच्या आधाराने उभे राहायला. उठ-बस वारंवार करावी लागेल असा क्रम मुळातच आखू नये. आधी सगळे उभ्याचे, मग सगळे बसून, शेवटी जमिनीवरचे आणि त्यानंतर सावकाश उठणे.

स्किझोफ्रेनियावरील औषधांनी काहींचे शरीर ताठर होते, चालताना हात हलत नाहीत, पावले घासत पडतात. अशा व्यक्तीला ताल द्यावा, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून मोठी पावले टाकायला सांगावे. काहींना उलट आतून अशी बेचैनी होते की पाय एका जागी ठरतच नाहीत; या त्रासाला अकाथिसिया म्हणतात. नवखा प्रशिक्षक याला लक्ष नसणे समजतो आणि ‘एका जागी उभे राहा’ म्हणतो. ते त्या माणसाला शक्यच नसते. त्याला भिंतीच्या कडेने फेऱ्या मारू द्याव्यात, तिथूनच हाताचे व्यायाम करू द्यावेत आणि ही बेचैनी नवी असेल तर त्याच दिवशी परिचारिकेला सांगावे, कारण मात्रा बदलून ती अनेकदा कमी करता येते. मान अचानक एका बाजूला वळून आखडली, डोळे वर खेचले गेले, किंवा अंगात ताप भरून शरीर लाकडासारखे ताठ झाले आणि माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. यातला शेवटचा प्रकार दुर्मीळ असला तरी जिवावर बेतणारा असतो.

ही औषधे शरीराची उष्णता नियंत्रित करण्याची क्षमताही कमी करतात. उकाड्यात, बंद खोलीत किंवा दुपारच्या उन्हात वर्ग घेऊ नये आणि पाणी हाताशी ठेवावे. लिथियम हे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत तर पाण्याचा प्रश्न अधिकच नाजूक असतो. या औषधाची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते, आणि शरीरातले पाणी किंवा मीठ घटले की रक्तातली पातळी चढते. घामाघूम करणारे व्यायाम, उपवासाच्या दिवशीचा व्यायाम आणि ‘मीठ पूर्ण बंद करा’ असा आगंतुक सल्ला हे तिन्ही टाळावे. अंग दुखते म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी सुचवण्याची आपल्या धंद्यात वाईट सवय आहे. ती गोळीही लिथियमची पातळी वाढवते. हाताची नेहमीची बारीक थरथर एकदम जाड झाली, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, उलट्या-जुलाब झाले, तर त्या व्यक्तीला बसवून लगेच वैद्यकीय मदत बोलवावी.

नाडीवर विसंबून राहू नये, हेही इथेच सांगायला हवे. चिंता किंवा बेचैनीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध घेणाऱ्याचे ठोके कितीही श्रम केले तरी फार चढत नाहीत, तर क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरील औषध घेणाऱ्याचे बसल्या जागीही जलद पडतात. कमाल ठोके काढण्याचे ‘220 वजा वय’ हे सूत्र इथे दोन्ही बाजूंनी फसते. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी: चालताना बोलता येते पण गाता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम आहेत. श्रम किती वाटतात ते ज्याने त्याने आकड्यात सांगायच्या बोर्ग यांच्या 6 ते 20 च्या श्रममापावर हे साधारण 12-13 च्या जवळ बसते. क्लोझापीन नुकतेच सुरू झाले असेल तर पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा क्वचित आढळणारा पण गंभीर धोका असतो. छातीत दुखणे, नवी धाप, ताप यांपैकी काहीही दिसले की ते व्यायामाच्या खात्यावर टाकू नये.

ओलान्झापीन, क्लोझापीन यांसारख्या औषधांनी भूक वाढते आणि वजन भराभर चढते. त्या माणसाला हे आरशात रोज दिसत असते. त्याला आहारावर प्रवचन देणे म्हणजे पायाला गळू झालेल्याला चालण्याची ढब शिकवणे होय.

झोपेबद्दल मात्र मला एक जुनी चूक सांगायलाच हवी. एका ठिकाणी माझा वर्ग सकाळी आठ वाजता होता, कारण सभागृह तेव्हा रिकामे असे. येणारे पेंगत असत, न येणारे अंथरुणात असत आणि मी दोघांनाही मनातल्या मनात नावे ठेवत असे. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत टिकते आणि तीव्र नैराश्यात सकाळ हाच दिवसाचा सर्वांत वाईट प्रहर असतो, हे एका परिचारिकेने चहा पिता पिता सांगितले. वर्ग अकराला नेला. शिकवण्यात काहीही बदल केला नव्हता. तरी दुसरा रकाना भरू लागला.

माणसागणिक पद्धत

निदान हे माणसाचे वर्णन नसते, पण शिकवण्याच्या पद्धतीसाठी त्याचा उपयोग होतो. नैराश्यात हालचाल आणि विचार दोन्ही मंदावतात, म्हणून सूचना दिल्यावर एरवीपेक्षा जास्त थांबावे; तुमच्या मनातली पाच सेकंदे ही त्या व्यक्तीची दोन असतात. उत्साह आला की व्यायाम करू, असे तिला वाटत असते, तर प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो: आधी थोडी हालचाल, मग थोडा उत्साह. हे समजावून सांगण्यापेक्षा घडवून दाखवावे. तासाआधी आणि तासानंतर मनःस्थितीला 0 ते 10 मधला आकडा द्यायला सांगावा आणि ते आकडे तिच्याच हाताने कागदावर लिहून घ्यावेत. दोनाचे तीन झाले तरी ते तिच्या अक्षरात असतात. शाबासकी मोठ्याने आणि घाऊक देऊ नये. ‘वा, फारच छान!’ हे नैराश्यातल्या माणसाला खोटे वाटते आणि बहुतेक वेळा ते खोटेच असते. ‘मागच्या वेळी तुम्ही खुर्चीचा हात धरून उठला होतात, आज दोन्ही हात मोकळे होते’ हे मात्र त्याला नाकारता येत नाही.

भीतीचे झटके येणाऱ्यांची अडचण निराळी असते. व्यायामाने छाती धडधडते, धाप लागते, घाम फुटतो, आणि झटक्यातही नेमके हेच होते, म्हणून शरीर व्यायामालाच धोका समजते. अशा व्यक्तीला थेट वेगात नेऊ नये आणि कायम जपूनही ठेवू नये. खुर्चीशेजारी उभे करून अर्धा मिनिट जागच्या जागी पावले उचलायला सांगावे, मग बसवून तिची बोटे तिच्याच मनगटावर ठेवायला लावावीत आणि ठोके उतरत जाताना तिलाच मोजू द्यावेत. पुढच्या वेळी एक मिनिट. धडधड वाढते आणि काही न करता आपोआप उतरते, हे बोटांना कळले की मनाला कळायला सोपे जाते. मानसोपचारतज्ज्ञ याच तत्त्वावर पद्धतशीर उपचार करत असतात, तेव्हा त्यांना विचारून आणि त्यांच्या गतीनेच हे करावे.

स्किझोफ्रेनियामध्ये सूचना एका वेळी एकच आणि छोट्या वाक्यात द्यावी, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवावी. कोणाला आवाज ऐकू येत असतील तर मोजणी सर्वांनी मिळून मोठ्याने केल्याने काहींना लक्ष टिकवणे सोपे जाते. संशय मनात असणाऱ्यासमोर सहकाऱ्याशी कुजबुजू नये, मोबाइल बाहेर काढू नये, फोटो तर मुळीच घेऊ नयेत. भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही भरू नये, ‘तुम्हाला त्याची भीती वाटते हे दिसते आहे, आता आपण खिडकीपर्यंत चालून येऊ’ असे म्हणून हालचालीकडे वळवावे.

उन्मादाच्या अवस्थेतला माणूस हा वर्गातला सर्वांत उत्साही विद्यार्थी वाटतो आणि तिथेच प्रशिक्षक फसतो. त्याला थकवा जाणवत नाही, दुखापत कळत नाही. स्पर्धा, जलद संगीत आणि ‘आणखी दहा’ हे त्याच्यासाठी वर्ज्य समजावे; संथ चालणे, ताण देणारे व्यायाम, ठरलेल्या वेळी नक्की संपणारा छोटा तास हे योग्य. झोप तुटल्याची चाहूल लागली तर पथकाला कळवावे.

आघातानंतरच्या ताणाच्या विकारात डोळे मिटून उताणे पडणे हा विश्रांतीचा प्रकारच धोक्याचा वाटू शकतो, म्हणून डोळे उघडे ठेवून, बसून, दाराकडे तोंड करून तो करण्याची मोकळीक आधीच जाहीर करावी. शिट्टी वाजवू नये. चूक सुधारण्यासाठी कोणालाही हात लावू नये. स्वतःच्या अंगावर दाखवावे.

खाण्याच्या विकारांबाबत नियम कडक असावा: वैद्यकीय पथकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय व्यायाम नाही. ॲनोरेक्सियामध्ये, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणे तोडत नेण्याच्या विकारात, रक्तातले पोटॅशियम घटलेले, हृदयाचे ठोके मंदावलेले आणि हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, आणि व्यायाम हा आजाराचाच एक भाग झालेला असू शकतो. अशा वर्गात कॅलरी हा शब्द उच्चारू नये, वजनकाटा ठेवू नये, आणि कोणी लपून जादा आवर्तने करत असेल तर त्याला चिकाटी समजू नये.

प्रत्यक्ष तास

खुर्ची हे या कामातले सर्वोत्तम साधन आहे असे माझे ठाम मत आहे. ती भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे मागे सरकत नाही. माणसाने तिच्या पुढच्या अर्ध्यावर बसावे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे झुकावे आणि श्वास सोडत उठावे. बसताना मात्र धपकन न बसता तीन मोजत यावे. पाच वेळा. कोणाला जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. या एका व्यायामात मांड्यांचे बळ, तोल आणि श्वास तिन्ही येतात, आणि मुख्य म्हणजे यात कोणी ‘रुग्ण’ दिसत नाही. खुर्चीतून तर सगळेच उठतात.

तासाचा क्रम दर वेळी तोच ठेवावा, कारण अनिश्चितता हीच अनेकांसाठी मोठी शिक्षा असते. पाच ते दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, मग चालणे किंवा पावले, मग बळाचे दोन-तीन व्यायाम, शेवटी सावकाश ताण आणि श्वास. संगीत लावायचे तर हळू आवाजात आणि निवड रुग्णांची. आरसे असतील तर पडदा ओढावा. प्रत्येक व्यायामाला दोन पर्याय द्यावेत आणि ‘बसून पाहणे’ हाही पर्याय म्हणून जाहीर करावा. ज्यांच्या दिवसाचे जेवण, झोप, भेटी, बाहेर पडणे सगळे दुसरेच ठरवतात, त्यांना डावा हात आधी उचलायचा की उजवा हे ठरवता येणेही लहान गोष्ट नसते.

एक गृहस्थ कित्येक आठवडे दारात उभे राहून वर्ग पाहत. मी त्यांना बोलावले नाही. बोलावले असते तर ते निघून गेले असते, याचा अंदाज तोवर आला होता. फक्त दाराजवळ एक खुर्ची ठेवू लागलो. पुढे कधीतरी ते तिच्यावर बसले. मग एके दिवशी मी मोजताना सातावरून चुकून नवावर गेलो, तेव्हा दारातून आवाज आला, ‘आठ राहिला.’ त्यानंतर मोजण्याचे काम त्यांच्याकडे दिले. पुढचे दोन महिने त्यांनी मोजण्यापलीकडे काहीही केले नाही, आणि वहीत मी त्यांची हजेरी पूर्ण लावली.

सुरक्षितता

वॉर्डात व्यायामाचे साहित्य हे केवळ साहित्य नसते. रबरी पट्टे आणि दोरीच्या उड्यांची दोरी यांनी गळफास लावता येतो. डंबेल फेकता येते. म्हणून साहित्य कुलुपात ठेवावे, तासापूर्वी मोजून काढावे, तासानंतर मोजून परत ठेवावे आणि दोन्ही आकडे सहीसह लिहावेत. एक पट्टा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कोणालाही बाहेर सोडू नये आणि परिचारिकेला लगेच सांगावे. हे करताना संकोच वाटतो. पण ‘मोजणी झाल्याशिवाय मलाही जाता येत नाही’ असे हसून सांगितले की बहुतेक जण स्वतःच शोधू लागतात. जास्त धोका असलेल्यांच्या गटात दोरी आणि पट्टे न वापरता खुर्ची, भिंत आणि स्वतःचे वजन यांवरच भागवावे.

स्वतः अशा जागी उभे राहावे, जिथून सगळे दिसतात आणि दाराचा रस्ता तुमच्यामुळे अडत नाही, म्हणजे तुम्हालाही जाता येते आणि भेदरलेल्या माणसालाही. एकट्याने वर्ग घेऊ नये. कोणी चिडू लागले, येरझाऱ्या वाढल्या, आवाज चढला, तर त्याच्या समोर न उभे राहता थोडे तिरके उभे राहावे, आपला आवाज खाली आणावा, बाकीच्यांना सहकाऱ्यासोबत बाजूला न्यावे. त्याला धरण्याचा प्रयत्न करू नये. ते काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे आहे.

चालता चालता माणसे बोलू लागतात, कारण शेजारी चालणाऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. अशा वेळी कोणी ‘आता जगण्यात काही राम नाही’ असे म्हणाले, तर विषय बदलू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे कोणाला सांगू नका, अशी विनंती झाली तरी तसे वचन देऊ नये. ‘तुमच्या काळजीपोटी मला हे सांगावे लागेल, आपण दोघे मिळूनच सांगू’ असे म्हणावे, त्या व्यक्तीला एकटे न सोडता परिचारिकेपर्यंत सोबत चालत जावे आणि ऐकलेले शब्द शक्य तितके जसेच्या तसे लिहून द्यावेत. वर्ग अर्धवट सुटला तरी चालेल.

नोंदी आणि पुढची वाट

नोंद लिहिताना आपला अर्थ न लिहिता जे दिसले ते लिहावे. ‘आज उदास होते’ यापेक्षा ‘चालताना दोनदा थांबले, नजर खाली, प्रश्नांना एका शब्दात उत्तर’ हे डॉक्टरांच्या अधिक उपयोगाचे असते. ही नोंद ती व्यक्तीही वाचू शकते, असे समजूनच लिहावी. स्वतःसाठी महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी बसून बोलण्याची सोय करून घ्यावी. वर्गातले माणूस गमावण्याची वेळ या कामात येऊ शकते, आणि तेव्हा बोलायला कोण आहे हे आधीच ठरलेले असावे.

रुग्णालयातून घरी जाण्याची तारीख ठरली की प्रशिक्षकाचे सर्वांत दुर्लक्षित काम सुरू होते. आतला वर्ग कितीही चांगला चालला, तरी बाहेर पडल्यावर ती सवय बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच तुटते. म्हणून निदान दोन आठवडे आधी घराजवळ काय शक्य आहे ते त्या व्यक्तीसोबत शोधावे: मैदान, तरणतलाव, जिना, एखादा गट. तिथे जायचा दिवस आणि वेळ नक्की करावी, तिच्या संमतीने घरातल्या एखाद्याला सोबत घ्यावे, आणि नियम आड येत नसतील तर पहिल्या दोन खेपांना स्वतः बरोबर जावे. पहिल्या खेपेला प्रवेशाच्या खिडकीशी आपण बोलावे, दुसऱ्या खेपेला तिला बोलू द्यावे आणि आपण चार पावले मागे उभे राहावे.